टॅमीफ्लू आणि मुलांचं बरळणं : दोष औषधाचा की तापाचा?

फ्लूसाठी टॅमीफ्लू लिहून दिली की बरेच पालक विचारतात, "डॉक्टर, या गोळीनं डोक्यावर परिणाम होतो म्हणे, खरं का?" या भीतीचं मूळ जपानमध्ये आहे.

फ्लूवरचं पहिलं औषध अमँटाडिन. अमेरिकेत १९६६ साली त्याला मान्यता मिळाली. त्यानं काहींची झोप उडे, जीव अस्वस्थ होई. पुढे विषाणूच त्याला दाद देईनासे झाले. १९९९ मध्ये ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमीफ्लू आलं. शरीरातल्या पेशीत तयार झालेले नवे विषाणू हे औषध बाहेर सुटू देत नाही, त्यामुळे आजार पसरायला आळा बसतो.

२००१ पासून हे औषध जपानमध्ये मिळू लागलं आणि काही वर्षांतच जगातला सर्वाधिक वापर तिथे होऊ लागला. मग काळजीच्या बातम्या आल्या. गोळी घेतलेली काही किशोरवयीन मुलं भ्रमात घराबाहेर धावली, काही इमारतीवरून पडली, काहींचा मृत्यू झाला. मार्च २००७ मध्ये जपान सरकारनं १० ते १९ वयाच्या मुलांना हे औषध शक्यतो देऊ नये, अशी सूचना काढली.

पण या वयोगटात टॅमीफ्लू थांबल्यावरही अशा घटना थांबल्या नाहीत. दुसरं औषध घेतलेली आणि कोणतंच औषध न घेतलेली मुलंही फ्लूच्या तापात अशीच वागत होती. म्हणजे फ्लूमुळेही असा भ्रम होऊ शकतो. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये जपाननं निर्बंध उठवले. मात्र पालकांसाठीचा सल्ला कायम ठेवला : औषध दिलेलं असो वा नसो, ताप आल्यापासून किमान दोन दिवस मुलाला एकटं सोडू नका आणि दारं-खिडक्या नीट बंद ठेवा.

म्हणजे औषध अगदी निर्दोष आहे का? तसंही नाही. २०१४ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी कंपनीकडून मोठ्या प्रयत्नानं मिळवलेली माहिती तपासली. प्रौढांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी १६.८ तास लवकर कमी झाली. दुसरीकडे, औषधामुळे २८ जणांमागे एकाला मळमळ आणि २२ जणांमागे एकाला उलटीचा त्रास झाला. फ्लू होऊ नये म्हणून आधीच गोळी घेणाऱ्यांमध्ये डोकेदुखी आणि मानसिक तक्रारीही थोड्या जास्त दिसल्या.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात या गोळीसाठी मोठी धावपळ झाली होती. तेव्हापासून ती आपल्याही ओळखीची आहे. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• प्रत्येक सर्दी-तापाला ही गोळी लागत नाही. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा किंवा मधुमेहाचे रुग्ण यांनी मात्र लवकर डॉक्टरांना भेटावं. पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास गोळीचा फायदा जास्त.
• गोळी खाण्यासोबत घ्या, मळमळ कमी होते.
• मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी सांगा, डोस बदलावा लागतो.
• अंगावर पुरळ उठलं, चेहरा सुजला, किंवा मूल बरळू लागलं, ओळखेनासं झालं, तर ताबडतोब डॉक्टरांशी संपर्क साधा.

भीतीपोटी गोळी मनानं बंद करू नका. गोळी दिली म्हणून किंवा दिली नाही म्हणून निश्चिंतही राहू नका. पहिले दोन दिवस मुलाजवळ थांबा.