शेर, ग्रेन आणि अणू : खडकीच्या तराजूपासून कार्बन-१२ पर्यंत

१/ खडकी म्हटले की इतिहासप्रेमींना ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. आज मात्र याच खडकीतून एका निराळ्या इतिहासाकडे वळू. वजनाचे एकक ठरते कसे? बाजारातल्या शेरा-मणांत जसा गोंधळ होता, तसाच तो अणूच्या वजनातही होता. आणि दोन्ही जवळपास एकाच काळात निस्तरले गेले.

२/ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुढे तेथे तयार झालेल्या .३०३ काडतुसाच्या 'मार्क ७' गोळीचे वजन १७४ ग्रेन. ग्रेन हे मुळात धान्याच्या दाण्याचे वजन. कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनांचा ठरवला आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा झाला. गोळी आणि रुपया यांत अवघ्या सहा ग्रेनांचे अंतर!

३/ मणाची गोष्ट वेगळी. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून जड. नाव एकच, वजन जवळपास तिप्पट. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजने बाद झाली.

४/ आता अणूकडे. एकटा अणू तराजूत घालता येत नाही. एक अणू दुसऱ्याच्या किती पट जड, एवढेच प्रथम कळत असे. १८०३ साली डाल्टनने हायड्रोजन १ धरून कोष्टक मांडले. पुढे बहुतेक मूलद्रव्यांशी संयोग पावणारा ऑक्सिजन १६ धरणे सोयीचे ठरले.

५/ १९२९ मध्ये ऑक्सिजनचे जड समस्थानिक सापडले आणि मापे दोन झाली. रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्रणाला १६ म्हणत, भौतिकशास्त्रज्ञ केवळ ऑक्सिजन-१६ ला. फरक लाखात सुमारे २७. पण सूक्ष्म मोजमापात तोही खुपणारा.

६/ १९६०-६१ मध्ये तोडगा निघाला : कार्बन-१२ च्या अणूचे वस्तुमान नेमके १२. रसायनशास्त्रज्ञांची कोष्टके यामुळे लाखात सुमारे चारनेच बदलली. या अणूचा बारावा भाग म्हणजे अणुवस्तुमान एकक. एका ग्रॅममध्ये अशी सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी एकके मावतात.

७/ या मापाने प्रोटॉन १.००७२८, न्यूट्रॉन १.००८६६ आणि इलेक्ट्रॉन ०.०००५५. कार्बन-१२ मध्ये प्रत्येकी सहा. बेरीज करून पाहा : १२.०९८९. मग अणू नेमका १२ कसा?

८/ कण एकत्र बांधले जाताना ०.०९८९ एककाइतके वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडते. सुट्या कणांच्या एका किलोमागे ही घट सुमारे आठ ग्रॅम. उलट एक किलो टीएनटीच्या स्फोटातून निघणारी ऊर्जा म्हणजे ग्रॅमच्या सुमारे दोन कोटीव्या भागाइतके वस्तुमान.

९/ दारूगोळ्याच्या कारखान्यातला कोणताही काटा ही दुसरी घट दाखवू शकला नसता. अणुकेंद्रातली घट मात्र दशांशानंतरच्या दुसऱ्याच अंकात दिसते. सूर्य ज्या ऊर्जेवर तेवतो आणि १९४५ मध्ये हिरोशिमा जिने जळाले, तिचा हिशेब याच अंकांत आहे. म्हणून सारे जग एकाच मापाने मोजू लागणे, ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती.