घरी मराठी, देवापुढे गोंडी : परधानांची किकरी आणि आपला सीमाभाग

आदिलाबादच्या डोंगराळ भागातील परधानाच्या घरात तीन भाषा नांदतात. चुलीपाशी आणि पाळण्यापाशी मराठी, देवापुढे आणि यजमानाच्या अंगणात गोंडी, तर तहसील कचेरीत आणि शाळेत तेलुगू. जनगणनेचा प्रगणक दाराशी येतो तेव्हा त्याच्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना मात्र एकच असतो. परधानाने तेथे ‘मराठी’ असे सांगितले तर ते खोटे नाही. पण त्या एका शब्दात त्याच्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली सर्वांत मोठी ठेव मावत नाही. आपण सीमाभागातील मराठी भाषक स्वतःची संख्या मांडताना परधानांना आपल्यात धरतो. धरावेच. परंतु त्यांच्याकडे नेमके काय आहे आणि ते कोणाचे आहे, याचा विचार आपल्या लेखनातून फारसा झालेला नाही. हा लेख त्या विचारासाठी आहे.

परधान म्हणजे राजगोंडांचे वंशपरंपरागत भाट. मराठी वाचकाला भाट म्हटले की वंशावळी वाचणारा किंवा दरबारी स्तुती करणारा आठवतो. परधानाचे काम त्याहून खोल आहे. गोंडांचा समाज सगांमध्ये विभागलेला आहे: सात देवांचे, सहा देवांचे, पाच देवांचे आणि चार देवांचे. एकाच सगातील कुळांमध्ये विवाह होत नाही. प्रत्येक सगाची उत्पत्तिकथा वेगळी आणि प्रत्येक कुळाच्या पेर्सापेनाची, म्हणजे मोठ्या देवाची, कथा वेगळी. या कथा गोंड स्वतः गात नाहीत. त्या गाण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्या त्या कुळाशी बांधलेल्या परधान घराण्याकडे असते. परधान आपल्या यजमानाचेच कुळनाव लावतो. यजमान मेश्राम असेल तर परधानही मेश्राम. यजमानाच्या घरी लग्न असो, मर्तिक असो वा देवकार्य असो, परधानाशिवाय ते पुरे होत नाही. आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, कधी जनावर असा त्याचा हक्क ठरलेला असतो. आपल्या बलुतेदारीशी याचे साम्य दिसेल. फरक इतकाच की येथे बलुते मिळते ते स्मृतीबद्दल.

या स्मृतीचे वाद्य म्हणजे किकरी. लाकडी पोकळ अंग, त्यावर ताणलेले कातडे, तीन तारा आणि गजाने वाजवण्याची पद्धत. मराठी मुलखात जोग्यांच्या हाती दिसणारी किंगरी हिचीच नात्यातली. मुख्य गायक किकरी वाजवीत कथा लावतो आणि साथीदार त्याच्यामागून सूर धरतात. गद्य निवेदन आणि गाणे आलटून पालटून चालते. आपल्याकडच्या गोंधळात किंवा कीर्तनात आख्यान जसे पुढे सरकते, तशीच ही चाल. सणासमारंभात ढोल, तुडुम आणि पेपरे यांचा गजर असतो. दिवाळीच्या दिवसांत दंडारी गावोगाव फिरते आणि मोरपिसांचे मोठे शिरोभूषण घातलेले गुसाडी नाचतात. पण ढोल नाचासाठी आहे आणि किकरी सांगण्यासाठी.

किकरीचे स्थान किती उंच आहे, हे गोंडांच्या मूळ कथेतच दिसते. शंभूने गोंडांच्या पूर्वजांना गुहेत कोंडले. पहांदी कुपार लिंगल आणि जंगुबाई यांच्यासह त्यांच्या सुटकेसाठी आला तो हिरासुका पाटालीर हा आद्य परधान. त्याच्या वाद्याच्या सुरांनी आत कोंडलेल्यांना बळ आले, दारावरची शिळा ढळली, आणि त्याच शिळेखाली हिरासुका स्वतः गेला. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची जी गुहा आहे, तेथे माघ पौर्णिमेला चार-पाच राज्यांतून लोक जमतात ते या कथेच्या आधारावर. एका समाजाची सुटका संगीताने झाली आणि तीत पहिला बळी वादकाचा गेला, अशी समजूत ज्यांच्या धर्माच्या मुळाशी आहे, त्यांच्यासाठी गायक हा करमणुकीचा माणूस असू शकत नाही.

ही परंपरा लेखनात प्रथम आली तीही परधानाच्या मुखातून. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाकडून उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये निधन पावले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो श्यामराव हिवाळे या मराठी माणसाने, १९४६ मध्ये. मंडला-दिंडोरीकडील त्या परधानांच्याच पाटणगढ गावातून जनगढसिंह श्याम पुढे आले आणि आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जगभर ओळखली जाणारी शैली त्यांच्या कुंचल्यातून घडली. गाणाऱ्यांची स्मृती तेथे रंगांत उतरली. आदिलाबादेत ती अजून बव्हंशी कंठातच आहे.

आता आदिलाबादच्या इतिहासाकडे वळू. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेली. पैनगंगा आणि वर्धेच्या दक्षिणेकडील मुलूख कालांतराने निजामाच्या राज्यात स्थिरावला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जंगले राखीव झाली, रस्ते आले आणि त्यांच्या मागोमाग जमिनीच्या शोधात बाहेरचे शेतकरी, सावकार व जमीनदार आले. त्यांत तेलुगू भाषक होते, उर्दू भाषक होते आणि पश्चिमेकडून आलेले आपले मराठी भाषकही होते. ज्यांच्या नावे पट्टा नव्हता, त्या गोंड-कोलामांच्या पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याची झाली. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात पडला तो या अन्यायाच्या शेवटी. सीमाभागातील मराठी माणसाने आपल्यावरील अन्यायाचा हिशेब मांडताना हे पानही उघडे ठेवले पाहिजे.

या उठावानंतर निजाम सरकारला आदिवासींचा प्रश्न समजून घेण्याची निकड भासली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. ते आदिलाबादेत आले, मार्लवाईला राहिले, आणि १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. गोंडीतून वाचनपाठ तयार करायचे ठरले तेव्हा लिपी निवडली गेली ती देवनागरी. त्याचे कारण व्यवहारातले होते: या भागात जे मोजके गोंड साक्षर होते, ते मराठीतून साक्षर झालेले होते. म्हणजे या डोंगरांत गोंडी भाषा शाळेत शिरली ती मराठीच्या अक्षरांचा हात धरून. याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत काम करीत होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून त्या भाषांच्या व्याकरणांवर लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केले, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. अधिकाराच्या खुर्चीवर बसलेला मराठी माणूस आदिवासींची भाषा शिकतो, हे उदाहरण आपल्या चळवळीने मिरवावे असे आहे.

हायमेंडॉर्फ यांनी परधानांविषयी नोंदवलेली गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. परधानांची घरची बोली मराठी, पण त्यांचे सगळे कथागायन गोंडीत. तोटी हे गोंडांचे दुसरे भाट मात्र घरीही गोंडीच बोलत. म्हणजे गोंडांच्या धर्मस्मृतीचा मोठा भाग ज्यांच्या स्वाधीन होता, त्यांची मातृभाषा गोंडी नव्हती. हे विचित्र वाटेल. पण वेद पाठ करणाऱ्या घरांतही संस्कृत ही मातृभाषा नव्हतीच. गाण्याची भाषा वेगळी असली म्हणजे ती मुद्दाम शिकवावी लागते. मुलगा बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे ऐकतो, साथ धरतो आणि मग मुख्य गायक होतो. ही साखळी एका पिढीत तुटली तर घरातली बोलचाल तिला सावरू शकत नाही.

मग १९५६ आले. राज्य पुनर्रचना अधिनियमाने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याला दिले. उलट बाजूने नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. रेषा आखताना तेलुगू किती आणि मराठी किती, एवढेच मोजले गेले. गोंडी आणि कोलामी या भाषा त्या तराजूच्या कोणत्याच पारड्यात नव्हत्या. परिणामी एकाच कुळाचे यजमान रेषेच्या एका बाजूस आणि परधान दुसऱ्या बाजूस असे झाले. इकडे शाळा तेलुगू झाली, तिकडे मराठी. गोंडी दोन्हीकडे मागे पडली. केरामेरी मंडळ आणि जिवती तालुका यांच्या सीमेवरील परांडोली, महाराजगुडा या गावांवर आजही दोन्ही राज्ये हक्क सांगतात आणि तेथील लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत. त्याच परिसरात जंगुबाईचे पवित्र स्थान आहे. पौष महिन्यात तेथे येणारा भाविक मात्र कोणत्या राज्यातून आलास, असे दुसऱ्याला विचारीत नाही.

अशी गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मिस्कितो नावाचे लोक राहतात. वांग्की नदीच्या दोन्ही काठांवर त्यांची गावे. १८९४ मध्ये निकाराग्वाने त्यांचा किनारा आपल्या राज्यात सामील करून घेतला. १९०६ मध्ये स्पेनच्या राजाने दिलेला सीमानिवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये कायम केला आणि ती नदी निकाराग्वा व होंडुरास यांची सीमा ठरली. खटला दोन राष्ट्रांचा होता; नदीकाठचे मिस्कितो त्यात पक्षकार नव्हते. त्यांची भाषा टिकण्यात एकोणिसाव्या शतकापासून मोरावियन मिशनच्या मिस्कितो प्रार्थनागीतांचाही वाटा आहे. पुढे मोठ्या संघर्षानंतर १९८७ मध्ये निकाराग्वाने किनाऱ्याला स्वायत्ततेचा कायदा दिला आणि १९९३ च्या कायद्याने तेथील भाषांना त्या प्रदेशात अधिकृत वापराचा दर्जा मिळाला. यातून घ्यायचा बोध एवढाच की रेषा पुसली गेली नाही, तरी रेषेच्या आत भाषेला अधिकार देता येतो.

आपल्या राज्यघटनेत तशी साधने आहेत. अनुच्छेद २९ प्रत्येक समाजाला आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. मराठी शाळांसाठी आपण याच अनुच्छेदाचा आधार घेतो. पण परधान वस्तीतल्या शाळेचा प्रश्न येतो तेव्हा थोडे थांबले पाहिजे. त्या मुलाची मातृभाषा मराठी आहे, म्हणून मराठी शाळेची मागणी न्याय्य आहे. मात्र त्याच्या बापाची विद्या गोंडीत आहे. केवळ मराठीचा आग्रह धरून त्या विद्येची भाषा आपण त्याच्यापासून तोडली, तर तेलुगूच्या सक्तीबद्दल आपण जी तक्रार करतो तीच आपल्याविरुद्ध करता येईल. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. म्हणून तिच्यासाठी बोलणारे कमी. तिच्या बाजूने उभे राहिल्याने मराठीचा दावा दुबळा होत नाही. उलट, आमची मागणी संख्येसाठी नसून हक्कासाठी आहे, हे त्यातून सिद्ध होते.

आशेची चिन्हे आहेत. नारनूर मंडळातील गुंजाळा गावी गोंडीची जुनी हस्तलिखिते सापडली आणि त्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेश्राम कुळाचे लोक आजही पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या कुळाचे परधान नागोबाची कथा सांगतात. गुसाडी दिसतो, म्हणून त्याला व्यासपीठ मिळते. किकरीची कथा रात्रभर ऐकावी लागते, म्हणून तिला श्रोता मिळत नाही.

तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांना विनंती अशी. आपल्या गावाजवळ किकरी वाजवणारा वृद्ध परधान असेल तर त्याच्याशी बोला. त्यासाठी दुभाषा लागणार नाही, तो आपल्याच भाषेत बोलेल. त्याच्या आणि त्याच्या यजमानाच्या संमतीने त्याचे गायन ध्वनिमुद्रित करून ठेवा. गोंडीचा अर्थ त्याच्याकडूनच मराठीत उतरवून घ्या आणि त्याची प्रत त्याच्या घरी द्या. गोंडीची ठेव मराठीत समजावून सांगू शकणारा माणूस आपल्या शेजारी राहतो. मराठीने या ठेवीवर मालकी सांगू नये. साक्षीदार म्हणून मात्र तिने उभे राहावे. आणि साक्ष ही साक्षीदार हयात असतानाच नोंदवायची असते.