सवागी आणि बोरॉनची रिकामी जागा

वाशिमच्या सराफ्यात बोरॉन मागितलं तर सोनार बुचकळ्यात पडेल; सवागी मागितली तर लगेच डबी पुढे करेल. सवागी म्हणजे टाकणखार, रसायनशास्त्रातलं बोरॅक्स. माझ्या पिढीतल्या इंजिनिअरांनी बोरॉन पुस्तकात वाचलं आणि सवागी घरात पाहिली, पण दोघांची ओळख कुणी करून दिली नाही.

हा क्षार वऱ्हाडातला नाही. तिबेटातल्या तळ्यांकाठून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून मेंढ्यांच्या पाठीवर लादून तो हिमालयाच्या खाली येई. संस्कृतात त्याला टंकण म्हणत. रसशास्त्राच्या ग्रंथांत त्याचं शोधन दिलं आहे: तापवून पाणी उडवायचं आणि लाही करायची. स्फटिकातलं पाणी गेलं की वजन जवळपास निम्मं होतं. हाच माल पुढे व्हेनिसमार्गे युरोपात पोचला. १८०८ साली पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक व थेनार यांनी आणि लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने बोरिक ॲसिडमधून बोरॉन मोकळं केलं, अर्थात अशुद्ध रूपात.

डाख देताना दागिन्यातल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर धरतो आणि डाख पसरत नाही. वितळलेली सवागी तो थर स्वतःत विरघळवून घेते, वर काचेसारखा लेप धरून हवा अडवते. याचं मूळ अणूच्या रचनेत आहे. बोरॉनच्या पाच इलेक्ट्रॉनांपैकी तीनच बाहेरच्या कवचात असतात. तीन बंध केले तरी भोवती सहाच इलेक्ट्रॉन होतात. आठाचा हिशेब अपुरा राहतो आणि एक कक्षक रिकामं उरतं. ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन-जोडी तिथे सामावते. बोरिक ॲसिडही याच कारणाने आम्ल ठरतं: स्वतःचा प्रोटॉन न सोडता ते पाण्यातला हायड्रॉक्साइड पकडतं. डायबोरेनमध्ये तर दोन इलेक्ट्रॉन तीन अणूंना बांधतात. बोरेनांच्या रचनेवरच्या कामासाठी विल्यम लिप्सकॉम्ब यांना १९७६ चं नोबेल मिळालं.

इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. त्याआधी कित्येक शतकं सोनार सवागी किती लावायची, आच कधी वाढवायची हे हाताने शिकत आणि पुढच्या हाताला शिकवत आले. पाठ्यपुस्तकातला बोरॉनचा इतिहास मात्र १८०८ ला सुरू होतो आणि ही माणसं त्यात येत नाहीत. अकरावीला बोरॉन शिकवताना वाशिमच्या वर्गात चिमूटभर सवागी आणावी आणि एखाद्या सोनारालाही बोलवावं. रिकामं कक्षक फळ्यावर काढायला त्यानंतरही वेळ उरतो.