गुणफलकाबाहेरचा इतिहास

करोल बागेतील मराठी घरांत क्रिकेटच्या आठवणी निघाल्या की त्या बहुधा फिरोजशाह कोटल्यापाशी येऊन थांबतात. देशबंधू गुप्ता मार्गाने पहाडगंज मागे टाकून दिल्ली गेट गाठले की हे मैदान फार दूर राहत नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये येथेच सुनील गावसकर यांनी वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यासमोर कसोटीतील एकोणतिसावे शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानचे एका डावातील दहाही गडी ७४ धावांत बाद केले, तेही याच मैदानावर. त्या दिवशी जे मैदानात होते त्यांना हे आठवतेच. जे त्या वेळी जन्मलेही नव्हते त्यांनाही हे आकडे तोंडपाठ असतात. क्रीडाप्रेमी माणसाचा हा अभिमान रास्त आहे. मात्र याच दिल्लीच्या मैदानांवर स्त्रियांनी काय घडवले, असे विचारताच ही तल्लख स्मरणशक्ती एकाएकी मंदावते.

वस्तुतः तो इतिहास कोटल्यावरील या दोन्ही पराक्रमांहून जुना आहे. मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर झाल्या. मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी तेथे १०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले, तर वांद्र्याच्या गोवेकर कुटुंबात वाढलेल्या मेरी डिसोझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक पटकावले. चार बाय शंभर मीटर रिलेत भारतीय मुलींना रौप्य मिळाले, त्या चमूतही मेरी होत्या. पुढल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासखर्चासाठी मित्रमंडळींना निधी उभा करावा लागला. मेरी डिसोझा हॉकीतही भारताकडून खेळल्या. एवढ्या कर्तृत्वाची राष्ट्रीय पातळीवर दखल ध्यानचंद पुरस्काराच्या रूपाने घेतली गेली ती २०१३ मध्ये, म्हणजे दिल्लीतील त्या शर्यतींना ६२ वर्षे उलटल्यावर.

क्रिकेटमध्येही स्त्रियांची वाटचाल अशीच कडेकडेने झाली. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तिला अवघे तीन संघ होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी मालिका खेळला आणि पाटण्याच्या मैदानावर त्याने पहिला कसोटी विजय मिळवला. त्या मालिकेतील एक सामना दिल्लीतही झाला होता. याच पिढीतल्या मुंबईच्या डायना एडलजी यांनी डावखुऱ्या फिरकीच्या बळावर दीड दशकाहून अधिक काळ संघाची धुरा वाहिली. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास आणि एकाच मोठ्या खोलीत साऱ्या संघाचा मुक्काम हा या खेळाडूंचा नित्याचा अनुभव होता. सामन्याचे मानधन ही तर दूरची गोष्ट. कित्येकदा खर्चाची तोंडमिळवणीही पदरमोड करूनच होई.

या विस्मरणाचे सर्वांत बोलके उदाहरण करोल बागेच्या अगदी जवळचे आहे. २४ डिसेंबर १९९७ रोजी दिल्ली छावणीतील हरबक्ष स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला : भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. थंडीतील धुक्यामुळे सामना ३२ षटकांवर आला. ऑस्ट्रेलियाने १२३ धावा केल्या. प्रमिला भट यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ, ज्यात दिल्लीच्या अंजुम चोप्राही होत्या, १०४ धावांपर्यंत पोहोचला. १९ धावांनी विश्वचषकाची अंतिम फेरी हुकली. कुंबळे यांचे दहा बळी आणि हा सामना यांत चौदा महिन्यांचेही अंतर नाही. तरीही एका दिवसाची तारीख घरोघरी ठाऊक आहे आणि दुसरा दिवस धुक्यातच राहून गेला.

त्याच स्पर्धेत, १६ डिसेंबरला, मुंबईत एमआयजीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक. सचिन तेंडुलकर यांनी ग्वाल्हेरला नाबाद २०० धावा केल्या त्या २४ फेब्रुवारी २०१० रोजी. सचिन यांची खेळी थोर आहेच आणि पुरुषांच्या क्रिकेटमध्ये तिचा मान पहिलाच राहील. परंतु ‘एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच घडले असूनही मराठी माणूस ते आजही सर्रास चुकवतो.

क्रिकेटबाहेरच्या स्त्री खेळाडूंची उपेक्षा तर दुहेरी. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबातून आलेल्या कविता राऊत यांनी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर १०,००० मीटरच्या, म्हणजे धावपट्टीच्या २५ फेऱ्यांच्या, शर्यतीत कांस्यपदक जिंकले. १९५८ मधील मिल्खासिंग यांच्या सुवर्णपदकानंतर राष्ट्रकुल स्पर्धांत धावण्याच्या शर्यतीतील वैयक्तिक पदक भारताला प्रथमच मिळत होते. त्याच स्पर्धेत तुघलकाबादच्या नेमबाजी संकुलात पुण्याच्या अनिसा सय्यद आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात जोडीने सुवर्णपदक मिळवले. त्याच सुमारास बंगळूरच्या कसोटीत तेंडुलकर यांच्या २१४ धावा झाल्या. देशाचे लक्ष कोठे खिळले होते, हे सांगायला नको.

हे असे का घडते? याचा दोष क्रिकेटच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते निदान अपुरे ठरेल. क्रिकेट लोकांच्या मनात रुजले त्यामागे त्याची नोंद ठेवण्याची शिस्त आहे. प्रत्येक चेंडू वहीत उतरतो, प्रत्येक डावाचा तक्ता वर्तमानपत्रात छापला जातो, आकाशवाणीच्या समालोचनातून तो मैदानापासून शेकडो कोस दूर असलेल्या स्वयंपाकघरातही पोहोचतो. आजोबा तो तक्ता नातवाला सांगतात. महिलांच्या सामन्यांना आणि शर्यतींना ही साखळी लाभली नाही. समालोचन क्वचित, छायाचित्र विरळा, बातमी चार ओळींची. स्मृतीलाही कागद लागतो. तो मिळाला नाही की पराक्रम करणाऱ्या पिढीबरोबरच तो पराक्रमही मावळतो.

कागद मिळाला की काय होते, तेही अलीकडच्या काळाने दाखवले आहे. २००६ मध्ये महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले आणि २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांना समान सामना-मानधन जाहीर झाले. १७ मार्च २०२४ रोजी ज्या कोटल्याच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात, त्याच मैदानावर सांगलीच्या स्मृती मानधना यांच्या संघाने महिला प्रीमियर लीग जिंकली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक उंचावला, तेव्हा १९९७ च्या त्या १९ धावांचे उत्तर मिळाले, असे जाणत्यांना वाटले असेल. पण अशा जाणत्यांची संख्या किती?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्याच इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिला खो-खो विश्वचषक भरला. महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या या खेळात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे नमवले. दिल्लीच्या नसरीन शेख याही त्या संघात होत्या. दिल्लीतील मराठी शाळांच्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या मधल्या सुट्टीत जो खेळ खेळला, त्याचा पहिला जागतिक मान याच शहरात मिळाला. ही गोष्ट कोटल्यावरील शतकांच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेची आहे.

हीरक महोत्सव म्हणजे शाळेने आपल्या साठ वर्षांचा गुणफलक पुन्हा वाचण्याचा प्रसंग. कोणत्याही शाळेच्या कपाटात संघांची जुनी छायाचित्रे सापडतात. मुलांच्या क्रिकेट संघाखाली नावे असतात, खो-खोच्या मुलींखाली पुष्कळदा केवळ वर्ष असते. त्या मुली आज आया आणि आज्या आहेत. त्यांचे नाव, खेळ, वर्ष आणि निकाल एवढ्या चार गोष्टी लिहून घेण्यास फार खर्च येत नाही, आणि उशीर केल्यास त्या कोणत्याही खर्चाने परत मिळत नाहीत. नववी-दहावीत गेलेल्या मुलीचा खेळ ‘आता अभ्यास’ म्हणून बंद होतो, तेव्हा तिच्यासमोर ठेवायला घरातलेच, शाळेतलेच एखादे नाव असले तर पालकांचाही निर्णय कदाचित वेगळा होईल. सावरपाड्याहून निघालेली मुलगी नेहरू स्टेडियमवर पंचवीस फेऱ्या पूर्ण करते. करोल बागेहून ते अंतर पुष्कळच कमी आहे.