माती, गादी आणि खाशाबा

स्मरणिकेसाठी लेख मागणारा मेसेज ग्रुपवर आला, तोवर सगळे चांगले विषय वाटून झाले होते. सरांच्या छड्या एकीने घेतल्या, मधल्या सुट्टीतल्या बोरं-चिंचा दुसऱ्याने, पैनगंगेच्या पुरात बुडालेल्या सहामाहीच्या परीक्षेवर तर तिघांनी हक्क सांगितला. "तू काहीतरी इतिहासाचं लिही," असं मला सांगण्यात आलं. दहावीला इतिहासात मी कशी निभावले हे बाईंना चांगलंच ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत असलेली एक गोष्ट आहे आणि तिचा शेवट आपल्या शाळेच्या मैदानावरच येतो, म्हणून धाडस करते.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने इंग्लंडमधल्या लीड्सला होते. तिथे ऑफिसात सोमवारी चर्चा फक्त रग्बीची. मी भोळेपणाने विचारलं, नियम काय असतात? शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ म्हणाला, कुठल्या रग्बीचे? तेव्हा कळलं की रग्बी दोन आहेत. 'युनियन'मध्ये पंधरा खेळाडू, 'लीग'मध्ये तेरा. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. भांडण मजुरीचं होतं. खाणीतले आणि गिरण्यांतले कामगार शनिवारचा खाडा करून खेळायचे, त्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी असं या क्लबांचं म्हणणं. दक्षिणेकडच्या खाऊनपिऊन सुखी मंडळींना पैसे घेऊन खेळणं हलकं वाटे. पुढची शंभर वर्षं, युनियनचा खेळाडू लीगकडे गेला की त्याला परतीचं दार बंद. 1995 साली युनियननेही पैसे देणं मान्य केलं, तेव्हा कुठे ये-जा सुरू झाली. जेसन रॉबिन्सन हा विगनच्या लीग संघात घडलेला खेळाडू 2000 साली युनियनमध्ये आला आणि तीनच वर्षांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने इंग्लंडसाठी ट्राय केला.

त्या गृहस्थाने एक गोष्ट छान समजावली. लीगमध्ये खाली पाडलेला खेळाडू उठतो, पायाने चेंडू मागे सारतो आणि खेळ पुढे चालू होतो. युनियनमध्ये खाली पडल्यावर चेंडू सोडावा लागतो आणि खरी झटापट तिथूनच सुरू होते. त्यामुळे खेळ बदलणाऱ्याचे पाय जुन्या सवयीने चुकतात. हे ऐकताना मला आपल्याकडची कुस्ती आठवली.

आपल्याकडच्या दंगली आठवा. तांबडी माती, हलगी, फेटे बांधलेले पंच, आणि पोरींना लांबूनच बघायची परवानगी. मातीत पाठ लावली की जिंकलं, नाहीतर कुस्ती चालूच. पुष्कळदा अंधार पडला की बरोबरीत सोडवायची. माती पाय धरून ठेवते, वेग मारते. दम आणि रेटा ज्याचा, त्याची कुस्ती. लंगोटाला हात घालून डाव टाकता येतो. गादीवर हे सगळं उलटं. वजनाचे गट, घड्याळ, कपड्याला हात लावायचा नाही, पाठ न लागताही निकाल होतो. पाय सरसर सरकतात आणि मातीतला पैलवान पहिल्या मिनिटाला गोंधळतो. दोन्हीला आपण कुस्तीच म्हणतो, म्हणून हा फरक बाहेरच्याला दिसत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधवांनी हा बदल केला तेव्हा तो शिकवायला आपल्याकडे जवळपास कोणी नव्हतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे ते. जन्म 15 जानेवारी 1926. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगाने लहानखुरे. पण ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता: समोरच्याची मान बगलेत आवळून त्याला फिरवून खाली घ्यायचं. 1948 ला लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेही कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. तोवर सगळी कुस्ती मातीतली. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना गादीचे काही धडे दिले, तेवढीच शिदोरी. तरीही फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे गाडी अडली आणि सहावा क्रमांक आला.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात ती लंडन आणि हेलसिंकी यांच्यामधली चार वर्षं. पदकाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, या वर्षांचा फोटो कुठे नाही. आम्ही प्रोग्रॅमिंगवाले नवी भाषा शिकतो तेव्हा पहिले काही महिने जुन्याच भाषेत विचार करून नव्या भाषेत लिहितो. चालतं, पण अडखळत. खाशाबांनी या काळात वजन वाढवून वरचा गट घेतला, गादीचा वेग अंगात भिनवला, पण ढाक सोडली नाही.

मग निवडीचं रामायण. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले, असा त्यांचा आरोप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ लावली. जागा मिळाली तर पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आसपास लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या इथे बसलेल्या सर्व माजी शिक्षकांना मी हे वाक्य पुन्हा वाचायला सांगणार नाही, त्यांनी आपल्यासाठी काय काय केलंय ते आम्हाला माहीत आहे.

हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी पाडले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली, दमवणारी कुस्ती ते हरले. त्यानंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. तीही कुस्ती गेली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि 23 जुलै 1952 रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी 1996 च्या लिअँडर पेसपर्यंत थांबावं लागलं. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरकडचेच केशव माणगावे चौथे आले होते. त्यांचं नाव तर आपल्याला कोणी सांगितलंही नाही.

परतल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. थोड्या दिवसांत खाशाबांनी कुस्त्यांचा फड लावला आणि त्या पैशांतून खर्डीकरांचं घर सोडवून दिलं. 1955 ला ते पोलिसात फौजदार झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 चं ऑलिंपिक हुकलं होतं. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

त्यांच्यानंतर दहा वर्षांनी, 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, मातीतून आलेल्या दोघांनी आणखी पुढची मजल मारली. मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं, गणपतराव आंदळकरांनी नेमकं उलट. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नसतो, म्हणजे ही तिसरीच भाषा. महाराष्ट्र केसरीत तर माती आणि गादी असे दोन विभागच असतात. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि गदा एकालाच मिळते.

आता आपल्या मैदानाकडे येते. आपल्या वर्गातला तो (नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही, पण तुम्ही ओळखाल) नववीत तालुक्यात पहिला आला, जिल्ह्यात पहिला आला. पीटीच्या सरांनी शाळेमागे खणून घेतलेल्या खड्ड्यात तो रोज पहाटे माती उकरायचा, तिच्यात ताक आणि तेल घालायचा. विभागीय स्पर्धेला गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा गादीवर उभा राहिला. दोन मिनिटांत हरला. परतल्यावर म्हणाला होता, "पायच सापडत नव्हते." आम्ही हसलो होतो. मीही हसले होते. त्या वाक्याचा अर्थ मला लीड्समध्ये कळला, वीस-बावीस वर्षांनी.

मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला काय द्यायचं यावर सध्या ग्रुपवर वाद चालू आहे. कमानीच्या बाजूने बरेच जण आहेत. माझं मत कुस्तीच्या गादीला. शाळेतल्या चार मुली आणि काही मुलं आज बुलढाण्याला सरावाला जातात, तेही बस मिळाली तर. कमान झाली नाही तरी शाळा सापडते.

हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. तो आता शेती बघतो, संध्याकाळी पोरांना डाव शिकवतो. वाटलं होतं, गादी म्हटल्यावर खूश होईल. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आना ना गादी. पन तो खड्डा बुजवू नका बापा. पोरं आधी मातीत पडली पायजेत."

खड्ड्यावर सध्या मांडवाचे बांबू आणि मोडके बाक टाकलेले आहेत. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी गावात पोचते आहे. ते उचलायला कोण कोण येणार, तेवढं ग्रुपवर कळवा.