प्रतिमानाधारित प्रणाली अभियांत्रिकी (चेन्नईच्या वंदे भारत गाडीच्या संदर्भात)

गुंतागुंतीच्या यंत्रणेच्या गरजा, घटक, त्यांचे परस्परसंबंध आणि वर्तन सुट्या कागदपत्रांत न ठेवता एकाच संगणकीय प्रतिमानात बांधण्याची पद्धत. त्यासाठीच्या सिसएमएल या आकृतिभाषेची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. प्रतिमान आणि सिम्युलेशन (प्रतिमान संगणकावर चालवून पाहणे) यांचा खरा कस लागतो तो रचना बदलत जाते तेव्हा : एक घटक हलवला तर कोणकोणत्या गरजांना धक्का लागतो?

चेन्नईतील पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून (स्थापना १९५५) ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेर पडलेली ‘ट्रेन १८’, म्हणजेच वंदे भारत, या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. हिला वेगळे इंजिन नाही. १६ पैकी निम्मे डबे मोटरचे असून बहुतेक विद्युत सामग्री डब्यांखाली टांगलेली असते.

मोटरी अशा डब्यांत विभागण्याच्या एका निर्णयाचा परिणाम घाटात दिसतो. बोरघाटाचा चढ ३७ला १. सुमारे १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन १,००० टनांची गाडी ओढू लागले, तर चढासाठीच सुमारे ३० टनांचा जोर हवा. म्हणजे चाकांवरील भाराच्या २५ टक्के पकड. पावसात ओल्या रुळांवर एवढी पकड मिळेलच असे नाही. म्हणून मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिने, लावतात. ४३० टनांच्या वंदे भारतला लागतो सुमारे १२ टन जोर, आणि तो निम्म्या डब्यांच्या चाकांवर विभागलेला. पकड ६ टक्क्यांच्या आत भागते. हे झाले कागदावरचे गणित. सिम्युलेशन तेच क्षणाक्षणाला करते आणि त्यात वळणे, प्रवाशांचे वजन, मोटरचे तापमानही धरते.

मात्र खाली टांगलेल्या सामग्रीला पुराच्या पाण्याचे भय. सप्टेंबर २०२२च्या सुधारित आवृत्तीत तिचे संरक्षण ४०० मिमीवरून ६५० मिमी पाण्यापर्यंत वाढवले, गाडीचे वजन ३९२ टनांवर आणले. शून्यापासून ताशी १०० किमी वेग गाठण्याचा अवधी ५४.६ सेकंदांवरून ५२वर आला.

सिम्युलेशन प्रत्यक्ष चाचणीची जागा घेत नाही. ताशी १८० किमीचा वेग डिसेंबर २०१८ मध्ये कोटा विभागात रुळांवरच तपासावा लागला. तसेच प्रतिमान विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरे देते. रुळांवर गुरे आली तर काय, हेही विचारावे लागते : ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत म्हशी आडव्या आल्या आणि गाडीचे नाक फुटले.

मुंबई–सोलापूर (बोरघाटमार्गे) आणि मुंबई–शिर्डी (थळघाटमार्गे) या वंदे भारत गाड्या १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाल्या. दोन्ही बँकरविना चढतात. उतारावर गाडी थांबून राहावी म्हणून त्यांना पार्किंग ब्रेक दिले आहेत.