किल्ल्यावरचे की होडीतले?

‘जंजिरा बेट’ म्हणणं म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ म्हणण्यासारखंच आहे. अरबीत ‘जझीरा’ म्हणजेच बेट, आणि जंजिरा हा शब्द त्यावरूनच आला. मराठीनं तो इतका आपला केला की शिवाजी महाराजांच्या दर्यातल्या किल्ल्यांनाही कागदोपत्री ‘जंजिरे सिंधुदुर्ग’, ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’ असं लिहीत.

दिवाळीच्या सुट्टीत कासुर्डीहून आम्ही घरची नऊ माणसं ताम्हिणी घाट उतरून मुरूडला गेलो. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाची होडी मिळाली. आम्ही कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणारी माणसं. चहूकडे पाणी पाहून बायकांनी पोरांचे दंड घट्ट धरले. होडी तटाला भिडायला आली तरी दरवाजा दिसेना. ही त्या बांधणीची करामत. आत गेल्यावर कलालबांगडी तोफेभोवती गर्दी होती, पण आमच्या थोरल्या भाभी गोड्या पाण्याच्या तलावापासून हलेनात. खाऱ्या दर्यात गोडं पाणी, हे त्यांना तोफेपेक्षा मोठं वाटलं. मलाही.

वाटाड्या छान बोलत होता. फक्त त्याच्या गोष्टीत ‘त्यांनी’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द फार होते. ‘त्यांनी’ किल्ला राखला, ‘आपण’ चढाई केली. दहा वर्षांच्या नातवानं माझी बाही ओढून हळूच विचारलं, “नाना, आपण किल्ल्यावरचे की होडीतले?”

त्याला तटाच्या सावलीत बसवून सांगितलं ते असं. हे सिद्दी म्हणजे हबशी, मूळचे आफ्रिकेतले. त्यांतले कितीतरी गुलाम म्हणून विकले जाऊन इकडे आले. मलिक अंबर असाच हबसाणातून विकत विकत दख्खनेत पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. आपल्या शेजारचं सुपं निजामशाहीत भोसल्यांच्या जहागिरीत होतं. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे याच मलिक अंबराच्या बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथं कामी आले. राजपुरीचे सिद्दीही त्याच निजामशाहीचे दर्यावरचे सरदार. पुढे महाराजांशी त्यांचं वैर पेटलं आणि ते मोगलांना मिळाले. संभाजी महाराजांनी १६८२ च्या मोहिमेत खाडीत भराव घालण्याचा प्रयत्न केला. तरी किल्ला पडला नाही. ते संस्थान विलीन झालं थेट १९४८ साली.

आणि होडीत कोण होतं? जंजिऱ्यासमोरच्या कांसा बेटावर महाराजांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्या कामावरच्या दौलतखान आणि दर्यासारंग यांना पैसा आणि धान्य पोचवायचं होतं प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी. त्यांनी ते पोचवलं नाही. महाराजांनी त्यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. हबशानं काही देऊन तुम्हाला आपला चाकर केलं असेल, असा संशय त्यात स्पष्ट आहे; ब्राह्मण म्हणून भीडभाड राखली जाणार नाही, हेही बजावलं आहे. म्हणजे दौलतखान महाराजांच्या आरमारात आणि संशय सुभेदारावर! शाळेच्या पुस्तकात हे पत्र अख्खं छापावं, असं माझं मत आहे.

नातवानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “मग दौलतखानाचा किल्ला कुठंय?” तटावरून बोट दाखवलं. तिथं त्या दिवशी जाता आलं नाही. पद्मदुर्गाचे दगड खाऱ्या वाऱ्यानं पोखरलेत, पण सांध्यांतला चुना तसाच उभा आहे. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचं, हे त्यानं परतीच्या होडीतच ठरवून टाकलं. नावाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, दर्या निवलेला असला तर नेतो; नाहीतर मुरूडच्या किनाऱ्यावरूनच बघा.